वडिलांची जुनी मारुती ८००: इंजिनाआधी पत्रा आणि कागद बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडील देवरुखला हायस्कुलात शिक्षक होते. त्यांची १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), एमएच-०८ पासिंगची, त्यांच्या आजारपणापासून तीन वर्षं पडवीलगत ताडपत्रीखाली उभी आहे. वडील मागच्या वर्षी गेले. आई म्हणते गाडी तू ने, भाऊ म्हणतो भंगारात दे. तुम्ही पुण्याला. गावातल्या मेकॅनिकने बॅटरी लावून पाहिली, इंजिन फिरलं पण चालू झालं नाही, आणि क्लच अडकलेला निघाला. ‘इंजिन बांधायला लागेल, चाळीस हजार धरा’ असं तो म्हणाला. आरसीची मुदत २०२३ मध्ये संपलेली आहे. वडिलांची एक वही गाडीत आहे, तिच्यात पेट्रोलचा प्रत्येक लिटर लिहिलेला आहे. चाळीस हजार घालावेत का, हे तुम्हाला हवंय.

कोल्हापुरात उद्यमनगराजवळ माझं गॅरेज आहे, चौतीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी ८०० आणि ओम्नीच्या कामात गेली. साखरपा, देवरुख, संगमेश्वर या पट्ट्यातल्या गाड्या आंबा घाट चढून आमच्याकडे येत असतात. त्यामुळे तुमची गाडी मी पाहिली नसली तरी त्या हवेत तीन पावसाळे काढलेली ८०० कशी असते ते मला चांगलं ठाऊक आहे.

चाळीस हजारांचा आकडा सध्या मनातून काढा. इंजिन हा या गाडीचा सगळ्यात सोपा आणि त्या मानाने सगळ्यात स्वस्त भाग आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, याच घराण्यातलं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट, बेअरिंग, सगळं आजही दुकानात मिळतं आणि ते बसवणारे हात प्रत्येक तालुक्यात आहेत. गाडी राहणार की जाणार हे इंजिनावर ठरत नाही. ते ठरतं पत्र्यावर आणि कागदांवर. या दोन गोष्टी बघायला एक दिवस पुरतो आणि खर्च जवळजवळ काही नाही. त्या बघितल्याशिवाय एक रुपयाही इंजिनात घालू नका.

हे मी शिकलो ते एका माणसाचे पैसे घालवून. गगनबावड्याकडच्या एका शेतकऱ्याची ८०० माझ्याकडे आली होती, धूर काढायची. मी सरळ इंजिन उतरवलं. बोअर केलं, नव्या पिस्टन-रिंगा घातल्या, हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचं, काम केलं. तीन आठवड्यांनी ट्रायलला काढली तर वळणावर समोरून खडखड. उजव्या बाजूचा शॉकअब्सॉर्बर वर ज्या पत्र्याला बोल्टने बसतो तो पत्रा भोवतीने फाटला होता. वरून रंग शाबूत, आतून चाळण. वेल्डिंग करायचं तर टाका धरायला आजूबाजूला चांगला पत्रा लागतो, तोच नव्हता. नव्या इंजिनाची गाडी भंगारात गेली. मजुरी मी घेतली नाही, पण सामानाचे पैसे त्याचे गेलेच. तेव्हापासून जुनी गाडी आली की आधी गाडीखाली जायचं, मग बॉनेट उघडायचं, असा माझ्याकडे नियम आहे.

कारण असं, की ८०० ला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. खालचा पत्रा, दारांखालचे रनिंग बोर्ड, पुढच्या चाकांवरचे बुरूज (शॉकअब्सॉर्बर वर जिथे बोल्टने बसतो तो पत्रा), हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. दार गंजलं तर दार बदलता येतं. सांगाडा गंजला तर बदलायला काही उरत नाही.

म्हणून देवरुखला गेलात की ताडपत्री काढा, मॅट उचला आणि हाताने बघत जा. ड्रायव्हरच्या पायाखालचा आणि शेजारच्या सीटखालचा पत्रा अंगठ्याने जोर देऊन दाबा. ताडपत्रीखाली हवा खेळत नाही. ती पाऊस अडवते आणि दमट हवा आत कोंडते, त्यामुळे अशा गाड्यांत मॅटखालीच गंज जास्त धरतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्डवर ठोकत पुढून मागे जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. चाकांच्या कमानींत आतून हात घाला. तुमच्याकडची तांबडी माती तिथे थापून बसते, ओल धरून ठेवते आणि आतून खात जाते. बॉनेट उघडून पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टांभोवती बघा आणि बॅटरीच्या खालची जागा बघा, कारण ॲसिडने तिथला पत्रा हमखास गेलेला असतो. जॅक लावायच्या जागा बघा. गाडीला याआधी डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर एक साधं लोहचुंबक बरोबर ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुटी भरलेली आहे.

पायाखाली एखादं भोक, कमानीला किनारीचा गंज, बॅटरीखाली खाल्लेली जागा, एवढं असेल तर घाबरू नका. ते कापून नवीन पत्रा लावता येतो. पण बुरुजाचा पत्रा बोटाने हलत असेल, किंवा जॅक लावल्यावर गाडी उचलण्याऐवजी पत्राच आत दबत असेल, तर तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे आणि पुढचं तुम्ही वाचलं नाही तरी चालेल.

पत्र्याबरोबरच बॉनेटखाली पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर शोधा. तो ओलसर फडक्याने पुसा, पॉलिशपेपर चुकूनही लावू नका. आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आरटीओत पासिंगला गाडी नेली की अधिकारी आधी तो नंबर बघतो. गंजाने दोन आकडे खाल्ले असतील तर गाडी कितीही चांगली असली तरी काम अडून बसतं.

आता कागद. वडिलांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ चा अर्ज असतो. नियम असा आहे की मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा. तुमची मुदत टळून गेलीय, त्यामुळे उशिराचा दंड बसेल, पण काम होतं. मृत्यू दाखला, मूळ आरसी, विमा, आई आणि भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, हे तयार ठेवा. वारस दाखल्याबद्दल रत्नागिरीच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

आरसीवर आणखी एक गोष्ट बघा, जी बहुतेक घरांत कोणी बघत नाही. वडिलांनी गाडी कर्जावर घेतली होती का? शिक्षकांच्या बहुतेक गाड्या बँकेच्या नाहीतर पतपेढीच्या कर्जावर घेतलेल्या असत. हप्ते केव्हाच फिटलेले असतात, पण आरसीवरचा बोजा काढायचा राहून गेलेला असतो. तो असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. अशी संस्था दुसरीत विलीन झालेली असली की एका कागदासाठी महिने जातात. हे काम आजच सुरू करा, गाडीचं पुढे काहीही ठरो. भंगारात द्यायची तरी बोजा काढावाच लागतो.

मग पासिंगचं नूतनीकरण. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची आणि नंतर पाच-पाच वर्षांची असते. म्हणजे तुमच्या वडिलांनी २०१३ आणि २०१८ ला दोनदा नूतनीकरण करून घेतलं होतं. आता २०२३ पासूनचं थकलंय. २० वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, आधी ती ५,००० होती. उशिराबद्दल दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. तुमचा उशीर दोन वर्षांच्या पुढे गेलाय, म्हणजे तेवढेच बारा हजारांच्या वर गेले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, शिवाय २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची केलेली नवी सुरक्षा नंबरप्लेट, तिचे चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता हजार सीसीच्या आतल्या गाडीला २०२२ पासून २,०९४ रुपये आहे. बेरीज करून बघा. नुसत्या कागदांचा खर्च पंचवीस हजारांच्या वर जातो, आणि हे तुम्हाला कोणी मेकॅनिक सांगणार नाही, कारण तो त्याच्या कामाचा भाग नाही.

पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी चालवायला बंदी आहे, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ती बंदी दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरती आली होती. महाराष्ट्रात पासिंग होतं, तोपर्यंत गाडी चालवता येते.

पत्रा चांगला निघाला आणि कागदांचा खर्च तुम्हाला मान्य असला, तर वही उघडा. माझ्या लेखी त्या वहीची किंमत चार मेकॅनिकांच्या मतांपेक्षा जास्त आहे. उभी राहण्याआधीच्या शेवटच्या दोन वर्षांची पानं वाचा. तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, सरासरी. लिटरला अमुक किलोमीटर पडत होते ते हळूहळू कमी होत गेले की एकदम पडले? हळूहळू घसरण म्हणजे झीज किंवा कार्बोरेटर. एकदम पडलं असेल तर एखादा विशिष्ट बिघाड, बहुधा ब्रेक धरून राहणं किंवा प्लगकडचं काही. दुसरी, मधल्या मधल्या ऑईलच्या नोंदी. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये त्यांनी अर्धा लिटर, पाव लिटर ऑईल वरून घातल्याचं वारंवार लिहिलं असेल, तर इंजिन ऑईल खात होतं आणि रिंगांचं काम खरोखर असू शकतं. अशी एकही नोंद नसेल, तर उभ्या गाडीचं इंजिन आपोआप झिजत नाही, हे लक्षात ठेवा. चालत येऊन उभं राहिलेलं इंजिन आजही बहुतेक तसंच असतं. बंद पडतं ते त्याच्या भोवतालचं सगळं. तिसरी, टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची तारीख. सापडली नाही तर बदललेला नाही असंच धरा. रबराचा पट्टा आहे, किलोमीटर कमी झाले म्हणून त्याचं वय थांबत नाही.

आता गाडी चालू का झाली नसेल? मेकॅनिकने सांगितलं की इंजिन फिरलं. ही फार चांगली बातमी आहे, म्हणजे पिस्टन जाम नाहीत. पण त्याने घाईत सेल मारायला नको होता. तीन वर्षं सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. मी असतो तर आधी तिन्ही प्लग काढले असते, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडलं असतं, रात्रभर ठेवलं असतं आणि सकाळी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूहळू फिरवलं असतं. अजूनही तसं करता येईल, करून घ्या.

एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. त्यात उंदरांनी गवत, कापूस, आंब्याच्या कोयी भरून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. वायरी कुरतडल्यात का, विशेषतः हेडच्या मागच्या बाजूला आणि डॅशबोर्डखाली, तेही बघा. हे न बघता बॅटरी जोडली तर वायर जळू शकते.

ऑईल काढून घ्या. ते ताकासारखं पांढरट निघालं तर पाणी मिसळलंय. थोडं असेल तर ओलाव्याचं, जास्त असेल तर हेड गॅस्केटचा संशय. ऑईलला पेट्रोलचा वास आला तर इंजिनला लावलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, पेट्रोल ऑईलमध्ये उतरतंय. तो पंप आधी बदला, कारण पातळ झालेल्या ऑईलवर इंजिन चालवलं तर बेअरिंगं खरोखरच जातील. नवीन २०डब्ल्यू-४० ऑईल तीनेक लिटर आणि ऑईल फिल्टर, एवढं या टप्प्याला पुरे.

टाकीतलं जुनं पेट्रोल गाडीच्या वाटेला जाऊच देऊ नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि तुमच्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. असं पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटांत, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, येऊन अडकतो. आमच्या गॅरेजात पद्धत अशी की पंपाला येणारी टाकीची नळी काढायची आणि लिटरभर ताज्या पेट्रोलची बाटली वर टांगून तिची नळी पंपाला द्यायची. त्यावर इंजिन चालू झालं तर बिघाड टाकीकडचा आहे हे लगेच कळतं. टाकी नंतर उतरवून धुता येते.

कार्बोरेटर उघडून साफ करावाच लागेल. सुकलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर जेटांत बसलेला असणार. साफ करणाऱ्याला एकच सांगा, जेटांत तार घालू नको. क्लीनर आणि हवेचं प्रेशर, बस्स. तारेने भोक रुंदावलं तर सरासरी आणि पीयूसी दोन्ही हाताबाहेर जातात. मूळ कार्बोरेटर फेकून बाजारातला नवा नकली लावू नका. मूळचा दुरुस्तीचा किट घालून चांगला होतो, नकली कधीच बरोबर बसत नाही.

याच वेळी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. २०२५ पासून पंपावर मिळणारं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि १९९८ चं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. ते मऊ पडतं, फुगतं, मग तडकतं. गरम इंजिनावर पेट्रोलची गळकी नळी म्हणजे आगीचं कारण. इथेनॉल चालेल अशीच नळी मागून घ्या, दुकानदार जी देईल ती नव्हे. तीन मीटरच्या आत काम होतं, खर्च किरकोळ आहे, आणि या सगळ्या यादीत मी सगळ्यात जास्त आग्रह कशाचा धरीन तर याचा.

ठिणगीकडे वळलं तर प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आत बघा. दमट हवेत तिथे हिरवट-पांढरी बुरशी येते. टोपी, रोटर, तिन्ही प्लग आणि वायरी नव्या घाला. गाडी न चालू होण्याचं कारण निम्म्या वेळा या टोपीखाली आणि निम्म्या वेळा कार्बोरेटरमध्ये सापडतं.

चालू झाली की ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर ताबडतोब बंद करा. सुरुवातीला निळसर धूर येईल, तो आपण सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑईलचा. पाच-दहा मिनिटांत तो गेला पाहिजे. गेला नाही तर मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायची वेळ आली.

कम्प्रेशन मोजायचं मीटर प्लगच्या जागी लावतात. एकेका सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून द्या म्हणावं. मला एकूण आकड्यापेक्षा तिघांतला फरक जास्त सांगतो. तिघे चांगले आणि जवळजवळ सारखे असतील तर इंजिन उघडू देऊ नका. एक खाली असेल तर त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट असेल तर फक्त हेड उतरवायचं काम आहे, अख्खं इंजिन बांधायचं नव्हे, आणि दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. तुम्हाला चाळीस हजार सांगणाऱ्याने हा आकडा काढला होता का, ते विचारा. त्याने क्लच अडकलाय आणि चालू होत नाही एवढ्यावरून सांगितलं असेल, तर अडकलेल्या क्लचचा इंजिन बांधण्याशी काही संबंध नाही.

क्लचबद्दल. पेडल कडक आहे, दबतच नाही, तर केबल गंजलीय. या गाडीला क्लच केबलवरचाच आहे, केबल बदलली की झालं. पेडल दबतं पण गिअर पडत नाही, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलीय. याला लगेच गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. इंजिन अर्धा तास चालवून गरम करायचं, बंद करायचं, पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून रात्रभर ठेवायचं. बऱ्याच गाड्यांत सकाळी प्लेट सुटलेली असते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवा, पण मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. पुन्हा तेच उघडण्याची मजुरी वाचते.

‘भंगारातलं चांगलं इंजिन मिळतंय, तेच टाकू’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. इंजिन नंबर बदलतो, तो आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा लागतो, आणि त्या जुन्या इंजिनाचे कागद कुणाकडे नसतात. तुमचं नूतनीकरण आधीच थकलंय, त्यात हे नको.

ब्रेक. इथे मी काटकसर मान्य करत नाही. पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली असेल तर मागचे शू ड्रमला चिकटलेले असणार. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी पितं, त्याने मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. वरून ऑईल बदलून पेडल चांगलं लागलं तरी गंजलेल्या सिलिंडरवर नवं रबर चालताना फाटतं, आणि ते घाटात उतरताना फाटलं तर काय होईल ते सांगायला नको. मास्टर सिलिंडर, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, रबरी होज पाइप, शू, पॅड, सगळं नवं. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन सरकतात का ते बघून घ्या. लोखंडी ब्रेक पाइप मागच्या चाकापर्यंत गाडीखालून जातो, त्यावर गंजाची पापुद्री असेल तर तोही बदला.

टायरवर एक चार आकडी शिक्का असतो. १४१७ असेल तर २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांपुढचा आणि तीन वर्षं एकाच जागी उभा राहिलेला टायर काढून टाका. बारा इंची टायर अजून मिळतात, चारांचे दहा-बारा हजार धरा.

पीयूसीसाठी तुमच्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. नीट लावलेला कार्बोरेटर यात आरामात बसतो. केंद्रावर कोणी नंतरच्या गाड्यांचा कडक नियम लावायला निघालं तर नोंदणीची तारीख दाखवा.

सामान रत्नागिरीत मिळालं नाही तर पुण्यात नाना पेठेत मिळेल, तुम्ही तिथेच आहात. यादी करून एकदम घ्या. रबर, ब्रेक आणि बेअरिंग चांगल्या कंपनीचं घ्या. बाकी पत्र्याचे भाग, लाइट, आरसे बाजारातले चालतात.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं ते. या गाडीला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पुण्यात भाजी आणायला, बँकेत जायला, देवरुखला गेल्यावर मार्लेश्वरला जाऊन यायला ती छान आहे. एक्स्प्रेसवेवर, ट्रकांच्या शर्यतीत, लहान मुलं घेऊन रोज न्यायची गाडी ती नाही. तुम्हाला रोजची गाडी हवी असेल तर हे पैसे तिकडे घाला. वडिलांची म्हणून ठेवायची असेल तर त्यासाठी खर्चाचं समर्थन कुणाला देत बसू नका, फक्त पैसे परत मिळणार नाहीत हे घरात आधीच बोलून ठेवा. पुढे विकली तरी दुरुस्तीचा खर्च वसूल होईल अशी या गाडीची किंमत नाही.

आणि भंगारातच द्यायची ठरली, तर गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला चाव्या देऊ नका. गाडी तुमच्या वडिलांच्या नावावरच राहते, नंबर आणि चेसिस दुसऱ्या गाडीवर गेले तर पोलीस तुमच्या दारात येतात. सरकारमान्य नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, तिथून ठेव प्रमाणपत्र (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करून घ्या.

काम देवरुखातच करावं की बाहेर न्यावं? पत्रा, ब्रेक, पेट्रोल आणि ठिणगी, हे सगळं तिथे होईल. हेड उतरवायची वेळ आली तरच कोल्हापूर किंवा रत्नागिरी बघा, आणि नेताना टोइंगच्या गाडीवर चढवून न्या. बंद ब्रेकची गाडी दोरीने ओढत आंबा घाटातून कोणी नेतो म्हणाला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. पासिंगलाही तशीच न्या, कारण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.

नोंदणी आणि विमा झाल्यावर पहिली फेरी लहान ठेवा, देवरुख ते साखरपा आणि परत. साखरप्याला थांबलात की चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, टेकवू नका. पुढची दोन सारखी गरम आणि मागची दोन सारखी कोमट हवीत. एखादं एकटंच तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय, पुढे न जाता तो मोकळा करून घ्या. गरमीचा काटा अर्ध्याच्या आत हवा. खाली बघा, ऑईल किंवा कूलंटचा थेंब पडलाय का. मग घरी येऊन वडिलांच्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखालच्या ओळीवर किलोमीटर आणि पेट्रोल लिहा. पुढच्या हजार किलोमीटरची सरासरी त्यांच्या आकड्याशी ताडून बघितली की कार्बोरेटर बरोबर लागलाय की नाही ते तुम्हाला कळेल, आणि ते आकडे मला पाठवलेत तर मी नक्की बघेन.